टर्बो गाडीत ऑक्सिजन सेन्सर नेमका कुठं बसवतात? जव्हार-मोखाड्याच्या घाटात गाडी चालवणाऱ्यांनी हे का समजून घ्यावं?

जव्हारवरून मोखाडा, पुढं तोरंगण घाट, मग त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वळण, चढ, परत वळण. पावसाळ्यात वरून धुकं आणि खालून खड्डे. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर दाबलेला, आत पाच-सहा माणसं आणि वर सामान.

अशा वेळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी ओढायची बंद होते. कशीबशी गॅरेजपर्यंत नेली की मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि म्हणतो, "ओटू सेन्सरचा कोड येतोय."

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं सेन्सर बदला, कुणी म्हणतं काढूनच टाका, कुणी म्हणतं जागा बदलून पुढं-मागं लावा म्हणजे दिवा लागणार नाही. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात महागात पडतो, कारण टर्बो इंजिनमध्ये हा सेन्सर कुठं बसतो याला फार नेमकी कारणं आहेत.

आधी हे सगळं आत्ता का बोलायचं ते बघू.

छोटं इंजिन, मोठा टर्बो आणि सरकारचा टॅक्स

दहा-बारा वर्षांपूर्वी टर्बो म्हटलं की डिझेल गाडी, असं सरळ गणित होतं. आज नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, फ्रॉन्क्स, मॅग्नाइट अशा कितीतरी गाड्यांमध्ये टर्बो पेट्रोल इंजिन मिळतं. इंजिन १ लिटर किंवा १.२ लिटरचं, पण ताकद जुन्या दीड लिटरच्या इंजिनाएवढी किंवा त्याहून जास्त.

याचं एक कारण तंत्रज्ञानात आहे आणि दुसरं टॅक्समध्ये. आपल्याकडं गाडीवरचा कर लांबी आणि इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर १८ टक्के, डिझेलला हीच मर्यादा १५०० सीसी. त्याच्या वर गेलात की थेट ४० टक्के. म्हणजे सीसी वाढवायची नाही पण ताकद तर पाहिजे, अशी कंपन्यांची अडचण. त्यावर उत्तर एकच, टर्बो.

दुसरी गोष्ट बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून हे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यात गाडी प्रयोगशाळेतच नाही, तर प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते हे मोजलं जाऊ लागलं. धूर कमी करणारी यंत्रणा नीट चालते का, यावर गाडीचा कॉम्प्युटर सतत नजर ठेवतो. त्या कॉम्प्युटरला म्हणतात ईसीयू, आणि ऑक्सिजन सेन्सर म्हणजे या ईसीयूचं नाक.

तिसरी गोष्ट ई-२०. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याविरोधातली जनहित याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळं हे पेट्रोल राहणार हे नक्की. याचाही थेट संबंध याच सेन्सरशी येतो, तो पुढं बघूच.

हा सेन्सर करतो काय?

नावावरून वाटतं की इंजिनात जाणारा ऑक्सिजन मोजत असेल. तसं नाही. पेट्रोल जळून झाल्यावर सायलेन्सरच्या पाइपातून जो धूर बाहेर पडतो, त्यात किती ऑक्सिजन उरलाय ते तो मोजतो.

चुलीचं उदाहरण घ्या. लाकडं जास्त आणि हवा कमी असली की धूर होतो. हवा जास्त आणि लाकूड कमी असलं की भांडं तापत नाही. पेट्रोल इंजिनात १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं, उरलाच नाही तर पेट्रोल जास्त झालं. सेन्सर हे ईसीयूला सांगतो आणि ईसीयू पुढच्याच क्षणी इंजेक्टरला हुकूम देतो.

बॉश कंपनीनं हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये दिला. आत झिरकोनिया नावाची सिरॅमिक असते. ती साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आजच्या सेन्सरला आत हीटर असतो.

साध्या सेन्सरला फक्त "जास्त" आणि "कमी" एवढंच कळतं. टर्बो गाड्यांमध्ये बहुतेक वेळा पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. "किती जास्त" आणि "किती कमी" हेही तो सांगतो.

मग जागा कोणती?

बिनटर्बोच्या गाडीत उत्तर सोपं आहे. इंजिनातून धूर बाहेर पडला की सगळे पाइप जिथं एकत्र येतात, तिथं पहिला सेन्सर. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या मागं दुसरा सेन्सर.

टर्बो गाडीत मधे टर्बो येतो. इंजिनातून निघालेला धूर टर्बोचं एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतं. आता प्रश्न असा की पहिला सेन्सर टर्बोच्या आधी लावायचा की नंतर?

उत्तर: नंतर. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी.

टर्बोच्या आधी लावला तर काय बिघडतं? पहिली गोष्ट उष्णता. पेट्रोल टर्बो इंजिन जोरात चालत असताना टर्बोच्या तोंडाशी धूर ९५० अंश किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. बॉशचा नेहमीचा वाइडबँड सेन्सर सलग ९३० अंशांपर्यंतच्या धुरासाठी बनवलेला आहे. टर्बोचं चाक फिरवण्यात धुराची बरीच ऊर्जा खर्च होते, त्यामुळं पलीकडं तापमान चांगलंच उतरलेलं असतं.

दुसरी गोष्ट दाब, आणि खरा धोका इथं आहे. टर्बोचं चाक धुराच्या वाटेत अडथळा असतं, त्यामुळं त्याच्या अलीकडं धूर दाबला जातो. हा सेन्सर ऑक्सिजनचं प्रमाण मोजतो असं आपण म्हणतो, पण त्याच्यावर दाबाचाही परिणाम होतो. दाब वाढला की तो प्रत्येक गोष्ट वाढवून सांगतो. पेट्रोल थोडं जास्त असेल तर "खूप जास्त आहे" म्हणतो.

आता घाटात काय होईल बघा. चढावर टर्बो पूर्ण जोरात आहे. अशा वेळी ईसीयू मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल सोडतो, कारण जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं. चुकीच्या जागी बसलेला सेन्सर सांगतो की पेट्रोल फारच जास्त झालंय. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि पेट्रोल कमी करतो. ज्या क्षणी इंजिनाला थंडावा हवा होता, त्याच क्षणी तो काढून घेतला. मग नॉकिंग, आणि जास्त वेळ तसंच चाललं तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही जाऊ शकतात. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येणार नाही, कारण मिश्रण बरोबर असताना ही चूक जवळजवळ शून्य असते. चुकीची जागा चढावरच उघडी पडते.

टर्बोच्या नंतर मात्र दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास आलेला असतो. शिवाय सगळ्या सिलिंडरचा धूर चाकातून जाताना घुसळून निघतो, म्हणजे सेन्सरला एका सिलिंडरचा नाही तर सगळ्यांचा सरासरी वास मिळतो.

पण "नंतर" म्हणजे टर्बोला अगदी चिकटूनही नाही. टर्बोला वेस्टगेट नावाचं एक दार असतं. दाब फार वाढला की ते उघडतं आणि काही धूर चाकाला वळसा घालून बाहेर जातो. हे दोन प्रवाह नीट मिसळतील तिथं सेन्सर पाहिजे. बाहेरून वेगळा वाइडबँड मीटर लावणारे लोक टर्बोपासून दीड-दोन फूट अंतर ठेवतात ते यासाठी. कंपनीच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरेचदा टर्बोला जोडूनच असतो, तिथं कंपनीनं चाचण्या करून कन्व्हर्टरच्या तोंडाशी जागा ठरवलेली असते. ती बदलायची नसते.

आडवा का नाही, खाली का नाही?

आता ही गोष्ट पाइप वेल्डिंग करणाऱ्यांसाठी. पाइपाला घड्याळ समजलं तर सेन्सर दहा ते दोनच्या मधे, म्हणजे वरच्या अंगाला असला पाहिजे. आडव्या रेषेपासून किमान १० अंश तरी वर. कारण पाणी.

पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. गाडी थंड असताना ही वाफ पाइपात गार होऊन थेंब बनते. डिसेंबरच्या पहाटे जव्हारच्या पठारावर गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकताना दिसतं, ते हेच. सेन्सर खालच्या बाजूला असेल तर हे पाणी त्याच्यात साचतं. आत सिरॅमिक शेकडो अंशांवर तापलेली, तिच्यावर गार थेंब. तापलेल्या काचेवर पाणी टाकल्यावर जे होतं तेच होतं. तडा जातो.

म्हणूनच ईसीयू गाडी सुरू झाल्यावर लगेच हीटर पूर्ण चालू करत नाही, आधी पाइप तापू देतो. पण रोजचा प्रवास घरापासून बाजारपेठेपर्यंत दोन किलोमीटरचाच असेल, तर पाइप नीट तापतच नाही आणि पाणी आत राहतं. अशा गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी लांबचा फेरा दिलेला बरा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी अनेक मेकॅनिकनाही माहीत नसते. अनेक सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि ती त्यांच्या वायरच्या आतल्या बारीक पोकळीतून येते. वायर तुटली म्हणून सोल्डर मारून वर टेप गुंडाळली की कधी कधी सेन्सरचा श्वासच बंद होतो. कनेक्टरमध्ये चिखलाचं पाणी शिरलं तरी तेच. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. (तशी गाडी घालूच नये, हे वेगळं सांगायला नको.)

मागचा सेन्सर आणि "दिवा घालवायचा" धंदा

दुसरा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागं असतो. त्याचं मुख्य काम पहारेकऱ्याचं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात आणि ते विषारी वायूंचं रूपांतर करतात. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्या सेन्सरचं रीडिंग शांत असतं. तो पुढच्या सेन्सरसारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टर गेला असं ईसीयू समजतो आणि पी-०४२० हा कोड टाकतो.

यावरचा जुगाड म्हणजे मागच्या सेन्सरखाली एक लांब नळी बसवायची. सेन्सर धुरापासून लांब गेला की त्याचं रीडिंग शांत होतं आणि दिवा विझतो. काही ठिकाणी कन्व्हर्टरच काढून घेतात, कारण भंगारात त्या धातूंना चांगला भाव आहे. गाडी मालकाला वाटतं स्वस्तात काम झालं. खरं तर त्याच्या गाडीतला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक भाग गेलेला असतो.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे नक्की बघावं. मुंबई-ठाण्याकडून किंवा नाशिकवरून वापरलेली गाडी घेताना लोक टायर बघतात, रंग बघतात. गाडी जॅकवर घेऊन कन्व्हर्टर जागेवर आहे का आणि मागच्या सेन्सरखाली उपरी नळी नाही ना, हे बघायला पाच मिनिटं पुरतात.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे.

डिझेलवाल्यांचं काय?

जव्हार-मोखाड्यात अजूनही डिझेलचं राज्य आहे. जीप, पिकअप, टेम्पो ही सगळी टर्बो डिझेल मंडळी. जुन्या गाड्यांमध्ये हा सेन्सर बहुधा नसतोच, म्हणून जुन्या ड्रायव्हरला तो कटकट वाटतो.

डिझेल इंजिनात हवा कायम गरजेपेक्षा जास्तच असते, त्यामुळं १४.७ चं गणित तिथं लागू नाही. बीएस-६ डिझेलमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याचं काम धूर काळा होऊ न देणं आणि ईजीआर नीट चालवणं हे असतं. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात पाठवायची यंत्रणा. जागा मात्र साधारण तीच, टर्बोच्या नंतर. त्याच्या पुढं डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. या जाळीतली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग तापलेली लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते, आणि दोष मात्र सेन्सरला दिला जातो.

ई-२० आणि सेन्सर

इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते. १ किलो इथेनॉलला साधारण ९ किलो हवा. म्हणून ई-२० साठी १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. टाकीत काय भरलंय हे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना थेट कळत नाही. त्यांना कळतं ते या सेन्सरवरूनच. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि तो हिशेब लक्षात ठेवतो.

सेन्सर म्हातारा झाला असेल तर हा हिशेब चुकतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं असं म्हटलं होतं. तुमच्या गाडीचं मायलेज त्याहून खूपच जास्त पडलं असेल, तर सगळा दोष पेट्रोलवर ढकलण्याआधी सेन्सरचं रीडिंग एकदा बघून घ्या. पंपावर भांडून सेन्सर सुधारत नाही.

बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शन बाइकलाही हा सेन्सर असतो, इंजिनाच्या डोक्याजवळ सायलेन्सरच्या पाइपात. मायलेजचं हे गणित तिथंही तसंच.

दिवा लागलाच तर

दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं कारण नाही. वेग कमी ठेवून गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातंय असा अर्थ. घाटात सुरक्षित जागा बघून थांबा, कारण तसंच पुढं रेटलं तर कन्व्हर्टर वितळू शकतो.

सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. टर्बो आणि इंजिनाच्या जोडावरचं गास्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो, आणि स्कॅनरवर "मिश्रण पातळ" असा पी-०१७१ कोड येतो. खडबडीत रस्त्यावर पाइपाचे जोड ढिले होतात, तेव्हा आधी गळती तपासायला सांगा. सकाळी गार इंजिन सुरू करून जोडांजवळ काजळीचे काळे डाग दिसतात का बघितलं तरी बरंच कळतं.

टर्बो गाडीत दुसरी शक्यता तेलाची. टर्बोचं सील गेलं की इंजिन ऑइल धुराच्या पाइपात उतरतं, आणि सेन्सर नेमका त्याच्या पुढच्याच वळणावर बसलेला. तो तेलानं माखतो. नवीन सेन्सर टाकला तरी काही महिन्यांत तोही जातो. वर्षात दुसरा सेन्सर गेला तर टर्बो तपासून घ्या. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवली तर टर्बोचं सील आणि बेअरिंग जास्त टिकतात.

गास्केटला लावायचा सिलिकॉनचा लगदाही सेन्सरला मारतो. त्याची वाफ सिरॅमिकवर बसली की ती पुन्हा साफ होत नाही. "सेन्सर सेफ" असं लिहिलेली ट्यूब मिळते, तीच वापरायला सांगा. आणि सेन्सर बदलायचाच असेल तर पुढचा आणि मागचा यांची अदलाबदल करू नका. पुढचा वाइडबँड असेल तर त्याला पाच-सहा वायरी असतात, मागच्या साध्या सेन्सरला बहुतेक वेळा चार. कनेक्टर जुळत नाही म्हणून वायरी कापून जोडणारा मेकॅनिक भेटला, तर चावी परत मागून घ्या.